कर्म नसलेलं क्रियापद

"यात क्रियापद कुठलं?" मी विचारलं.

ऋजुतानं पाटीवरच्या वाक्यावर बोट ठेवलं. "ड्रिंक्स."

"आता त्याला प्रश्न विचार. काय पितं?"

"मिल्क. मिल्क हे कर्म. द कॅट हा कर्ता. आणि कर्ता सोडून उरलेलं सगळं विधेय." तिनं पाटी पुसायला घेतली. "हे सोपं आहे, मावशी. अवघड दे."

मे महिन्यातली दुपार होती. फलटणच्या आमच्या घरात पुढच्या खोलीची फरशी नुकतीच ओल्या फडक्यानं पुसली होती, आणि तेवढ्यापुरता गारवा होता म्हणून आम्ही दोघी खालीच बसलो होतो. आई मागच्या अंगणात बाजेवर पापड वाळत घालत होती. ऋजुता माझ्या मोठ्या बहिणीची, नयनाताईची मुलगी. पाचवीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडं आली होती. मी गावातल्या हायस्कूलवर इंग्रजी शिकवत होते. पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी सुरू झालेलं हे पोरगं आल्या दिवसापासून माझ्यामागं लागलं होतं की मला सहावीचं आत्ताच शिकव. खेळायला जा म्हटलं तरी जायची नाही. वाक्य फोडून त्याचे तुकडे वेगळे ठेवायला तिला फार आवडायचं.

ताईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. लोणंदला भाऊजींनी नवं घर बांधायला काढलं होतं. भाऊजी, म्हणजे विलास जगताप, स्वतःच बांधकामाचे कंत्राटदार. वरच्या मजल्याचा स्लॅब नुकताच टाकला होता. त्याला पाणी मारायला ताई गच्चीवर गेली आणि ओल्यावरून पाय घसरून खाली पडली. गच्चीला कठडा नव्हता. आम्हाला कळवायला आलेल्या माणसानं तेच सांगितलं, पोलिसांनी तेच लिहून घेतलं, आणि पुढं कुणी विचारलं की आम्हीही तेच सांगत होतो.

आणि त्या महिन्याच्या शेवटी माझं लग्न होतं. भाऊजींशीच.

कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. विषय आईनं काढला होता. पोरीला आई मिळेल, घरातली पोर घरात राहील, असं ती म्हणाली. मी आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. भाऊजी वाईट वाटावेत असं काही नव्हतं. ताईच्या वेळी हा माणूस अंगणात बसून लहान मुलासारखा रडला होता. नंतर दर महिन्याला तो ऋजुताला घेऊन यायचा, आईची औषधं आणायचा, हलक्या आवाजात बोलायचा. खरं सांगायचं तर गेल्या काही महिन्यांत ते येणार असले की मी साडी बदलत होते. त्या संध्याकाळीही ते यायचे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बस्त्याला साताऱ्याला जायचं ठरलं होतं.

"अवघड हवं ना?" मी म्हटलं. "मग ऐक. काही क्रियापदांना कर्म लागतच नाही. द बेबी स्लीप्स. काय झोपतं? कुणाला झोपतं? प्रश्नच बसत नाही. म्हणजे हे क्रियापद अकर्मक. गो, कम, लाफ, फॉल, ही सगळी तशीच."

"आणि काल सांगितलेलं ओपन?"

"ते दोन्हीकडं चालतं. द डोअर ओपन्ड. दार उघडलं. आय ओपन्ड द डोअर. मी दार उघडलं. शब्द तोच."

"मराठीत पण तोच."

"हो. उघडलं आणि उघडलं."

ती थोडा वेळ पाटीच्या चौकटीवर नख घासत बसली. मग म्हणाली, "मी माझ्या मनानं वाक्य करू?"

"कर की. भूतकाळात कर. कालच घेतलाय आपण."

"फॉलचं काय होतं भूतकाळात?"

"फेल."

तिनं पाटीवर काही लिहिलं नाही. माझ्याकडं बघत, शाळेत उभं राहून म्हणतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माय फादर फेल माय मदर."

मी शिक्षिका होते. माझं लक्ष आधी चुकीकडं गेलं.

"नाही गं. आत्ताच काय सांगितलं? फॉलला कर्म नसतं. माय मदर फेल. संपलं वाक्य."

"मग माय फादर कुठं घालायचं?"

"ते यात येत नाही."

"येतं," ती म्हणाली. "होते ना ते."

बाहेर आई कुणाशी तरी कुंपणावरून बोलत होती. पापडाला या वर्षी उडीद चांगला मिळाला नाही असं काहीतरी. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता आणि त्याखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

"ऋजू," मी म्हटलं, "या वाक्याचं मराठी सांग."

तिनं मान हलवली. नाही.

"का?"

"मराठीत मी 'आई पडली' असंच म्हणते. पप्पांनी सांगितलंय. कुणीही विचारलं, पोलिसांनी विचारलं, आजीनं विचारलं, तरी आई पडली असंच सांगायचं. मी तसंच सांगते." तिनं पाटी मांडीवर उलटी ठेवली. "इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असेल असं मला वाटलं. ओपनसारखं. पडलीला पण फेल आणि त्या दुसऱ्याला पण फेल. मग चाललं असतं."

त्या दुसऱ्याला. मी त्या दुसऱ्या शब्दाचा उच्चार केला नाही. मला तो तिच्या तोंडात घालायचा नव्हता, एवढं त्या क्षणीही मला सुचलं. कसं सुचलं, ते सांगता येणार नाही.

"तू कुठं होतीस तेव्हा?"

"जिन्यात. वरून दुसऱ्या पायरीवर. ते भांडत होते. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना, तर आईला इकडं यायचं होतं. पप्पा नाही म्हणत होते. आई म्हणाली, मी जाणारच. मग पप्पांनी तिचा हात धरला, इथं." तिनं स्वतःचा उजवा दंड धरून दाखवला. "आणि मग असं केलं."

तिनं दोन्ही हात पुढं ढकलून दाखवले. अगदी साधं. दार लोटावं तसं.

"मग?"

"मग आई नव्हती."

ती रडत नव्हती. उत्तर बरोबर आलं की नाही हे बघावं तशी माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मी तिला जवळ ओढलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. सकाळी मीच लावलं होतं.

"आजच का सांगितलंस, बाळा?"

"तू आता आमच्या घरी राहायला येणार ना," ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "तू त्यांच्याशी भांडू नको. भांडलीस तरी गच्चीवर जाऊ नको."

भाऊजी ऊन उतरल्यावर आले. जीप दाराशी लागल्याचा आवाज झाला तेव्हा मी ऋजुताला आईजवळ मागच्या अंगणात पाठवलं. आईला मी काही बोलले नव्हते. काय आणि कसं बोलणार? दुपारभर मी घरातल्या घरात हिंडत होते, भरलेला तांब्या पुन्हा भरत होते. पोरगी आठ वर्षांची होती तेव्हा. तिला काही चुकीचं दिसलं असेल. स्वप्न पडलं असेल, सावत्र आई येणार म्हणून मनानं काही रचलं असेल. मी इतक्या तऱ्हांनी ते वाक्य चुकीचं ठरवून बघितलं. पण दंडावर ठेवलेला तिचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

भाऊजींनी आंब्यांची पेटी आत आणून ठेवली, रुमालानं मान पुसली. "दोनतीन दिवसांत पिकतील. आई कुठंय?"

"मागं आहे. बसा."

मी पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात प्यायलं. मी उभीच होते.

"भाऊजी, एक विचारायचं होतं."

"भाऊजी काय म्हणतेस अजून?" ते हसले. "विचार."

"ताई गेली त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "आज हे काय मध्येच? सांगितलंय की. खाली होतो. सिमेंटची गाडी आली होती, ती उतरवून घेत होतो."

"तुम्ही वर होतात."

हे मी विचारलं नाही, सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ते काहीतरी म्हणतील, चिडतील, कोण बोललं असं विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. खरं म्हणजे मी मनातून धावा करत होते की त्यांनी चिडावं. माझ्यावर ओरडावं, हे काय खूळ घेतलंस डोक्यात, असं म्हणावं. म्हणजे मी माफी मागितली असती, आत जाऊन चहा ठेवला असता आणि उद्या साताऱ्याला गेले असते.

ते चिडले नाहीत. खुर्चीत मागं रेलले, आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. वर्षानुवर्षं पाठीवर घेतलेलं ओझं कुणी खाली उतरवायला सांगितलं की माणसाचे खांदे पडतात, तसे त्यांचे खांदे पडले.

"मला पाडायचं नव्हतं तिला," ते म्हणाले. "रागात ढकललं मी. फक्त ढकललं. स्लॅब ओला होता. पडली ती."

तेवढ्या चार-पाच वाक्यांत त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं आणि शेवटच्या दोन शब्दांत पुन्हा स्वतःला त्यातून बाहेर काढलं होतं.

"तुला सांगणार होतो," ते पुढं बोलत राहिले. "लग्न झालं की सांगणार होतो. तुझ्याशी खोटं बोलून संसार करायचा नव्हता मला. सुचेता, तू मला ओळखतेस. मी तसा माणूस आहे का?"

तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावर दुसराच विचार आला. ते सावकाश उठले.

"ऋजू बोलली."

"नाही."

"तिच्याशिवाय कुणी नव्हतं तिथं." त्यांचा आवाज अजूनही हलकाच होता. त्या हलक्या आवाजाची मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "ऋजू, कपडे भर. घरी जायचंय."

मी मधे जायला हवं होतं. गेले नाही. मागच्या दारात आई येऊन उभी राहिली. हाताला पापडाचं पीठ होतं. ती बुटकी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पण तिनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले होते आणि तिच्या मागं ऋजुताचा फ्रॉक तेवढा दिसत होता.

"विलासराव, पोर येणार नाही," आई म्हणाली.

"आई, तुम्ही यात पडू नका. माझी मुलगी आहे ती."

"तुमची आहे. पण ती इथंच राहील. तुम्ही जीपमध्ये बसा आणि जा. नाहीतर मी इथूनच हाका मारीन आणि सगळी आळी गोळा करीन. मग जे काय बोलायचं ते आळीसमोर बोलू."

शेवटपर्यंत तिनं त्यांना तुम्हीच म्हटलं. जावयाशी बोलताना वापरायचा आवाज तिनं सोडला नाही. त्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग ते चपला घालून निघून गेले. जीप चालू व्हायला वेळ लागला. ती वळून गेल्यावरच आईनं चौकटीवरचे हात काढले. पिठाचे पंजे दोन्ही बाजूंना उमटले होते.

तिनं ऋजुताला स्वयंपाकघरात बसवलं, तिच्यापुढं पोहे ठेवले आणि बाहेर माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, ती विचारेल काय झालं म्हणून. तिला कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते. म्हातारीला हे झेपेल का, असंही मनात आलं.

तिनं काहीच विचारलं नाही.

हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आणि लक्षात आलं तेव्हा दुपारपासूनचं सगळं त्यापुढं लहान वाटलं.

"आई, तुला माहीत होतं?"

ती हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होती. "माहीत नव्हतं. शंका होती."

"केव्हापासून?"

"नयनाला शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हापासून. उजव्या दंडावर बोटं उमटलेली होती. घसरून पडलेल्या माणसाच्या दंडावर बोटं कशी उमटतील?"

"आणि तू कुणाला बोलली नाहीस."

"कुणाला बोलायचं? दवाखान्यातल्या लोकांनी बघितलंच असेल की. ते नाही बोलले. आणि पोर त्याच्या घरात होती, सुचे. मी तोंड उघडलं असतं तर त्यानं तिला परत या उंबऱ्याला येऊ दिलं नसतं. तीन वर्षं मी त्याला चहा करून दिला तो पोर दर महिन्याला डोळ्यांना दिसावी म्हणून."

"आणि मी?" मी म्हटलं. "तू मला त्याच्याशी लग्न करायला सांगितलंस."

आईनं मान वर केली नाही.

"नयना गरीब होती. तू खमकी आहेस. मला वाटलं, त्या घरात पोरीजवळ आपलं कुणीतरी असावं."

मी उठून अंगणात गेले. बाजेवरचे पापड तसेच होते, उन्हानं कडा वळलेले. मी ते गोळा करायला लागले. घाईघाईत पापड तुटत होते. एका मुलीला या माणसानं मारलं अशी जिच्या मनात शंका होती, तिनं दुसरीला त्याच माणसाच्या घरी पाठवायची तयारी केली होती, हळदीला कुणाला बोलवायचं ते ठरवलं होतं. आणि ती माझी आई होती. तिनं हे दुष्टपणानं केलं असतं तर मला समजलं तरी असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी पोलिसांकडं गेलो. पुढचं सगळं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. बंद झालेलं प्रकरण उघडायला फार दिवस लागले. भाऊजींचे नातेवाईक येऊन गेले, आधी हात जोडून आणि मग धमक्या देऊन. ऋजुताची शाळा बदलून फलटणला घातली. खटला उभा राहिला तेव्हा ती तेरा वर्षांची झाली होती. भाऊजींच्या वकिलांनी तिला विचारलं, हे सगळं तुला तुझ्या मावशीनं शिकवलं ना? ती म्हणाली, "मावशीनं मला इंग्रजी शिकवलं." मी त्या संध्याकाळी ऐकलेलं सांगितलं. आईनं दंडावरची बोटं सांगितली. भाऊजी पूर्ण वेळ खाली बघत बसले होते. शिक्षा झाली. आम्हाला वाटली होती तेवढी मोठी नाही, पण झाली.

त्या सगळ्या काळात मी आईशी कामापुरतंच बोलत होते. भाजी काय करू, गोळ्या घेतल्या का, एवढंच. एका घरात, एका पोरीला मधे घेऊन आम्ही दोघी तशा राहिलो. मी लग्न केलं नाही. दोनतीन स्थळं आली होती. बघायला आलेला माणूस हलक्या आवाजात बोलायला लागला की मला उठून जावंसं वाटायचं.

निकाल लागला त्या दिवशी घरी आल्यावर आईनं खिचडी टाकली. ऋजुता जेवून पुढच्या खोलीत अभ्यासाला बसली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो होतो आणि इतक्या दिवसांचं माझ्या तोंडातून निघालं.

"निदान मला सांगायचं तरी होतंस, आई. शंका आहे एवढं तरी."

आईनं ताटातला हात थांबवला. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर त्या घरी गेली असतीस?"

मी रागानं वर बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं. पुढच्या खोलीतून ऋजुताचा पाठ करण्याचा आवाज येत होता, मधेच थांबत, पुन्हा मागं जात. ती त्या घरात एकटी असती, त्या माणसाबरोबर, मोठी होत. आणि मला कळलं असतं की तिच्याजवळ जायला माझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही.

आई उत्तराची वाट बघत होती. मी तिच्या ताटात आणखी थोडी खिचडी वाढली.